तिसरी बादली

मॅजिस्ट्रेट बाई, मला तारखा विचारू नका.
बादल्या विचारा.

अकरा वर्षं मी त्या ठाण्याची फरशी पुसते आहे.
पाच कोठड्या, एक व्हरांडा, मोठ्या साहेबांची खोली,
सगळ्याला मिळून एक बादली, फार तर दीड.
पाणी लोल्वे सरोवरातून मीच आणते, डोक्यावर.
ठाण्यात नळ आहे,
पण त्याला पाणी येतं मंत्री येतो त्या दिवशी.

त्या पहाटे शिपाई सिमियु माझ्या दाराशी आला.
चार वाजले असतील,
मासेमारांचे दिवे अजून पाण्यावर होते.
म्हणाला, रोझलिडा, चल, कुणीतरी ओकलंय.

मी चार लेकरांची आई आहे, बाई.
ओकणं मला कळतं.
ओकारी भिंतीवर खांद्याएवढी चढत नाही.

पहिली बादली दाराशीच संपली.
दुसरी बाकाखाली.
तिसरी भरायला काठावर उतरले
तेव्हा बायका ओमेना वाळत घालायला निघाल्या होत्या.
एकीनं विचारलं, आज सणबिण आहे काय ठाण्यात?
मी हसले.
ते हसू अजून घशात आहे, माशाच्या काट्यासारखं,
गिळता येत नाही
आणि थुंकायला जागा नव्हती, आजपर्यंत.

त्याचं नाव मला मागाहून कळलं.
ओबुया. मोटरसायकलवर माणसं पोचवायचा.
अंगावर चमकणारं जाकीट नव्हतं म्हणून आणलेला.
मला ठाऊक होती फक्त त्याची चप्पल,
टायरची, डावी, एकटीच.
मी ती धुऊन उन्हात ठेवली,
कुणी विसरून गेलं की ठेवतात तशी.
दुपारी ती तिथं नव्हती.

वहीत लिहिलंय, रात्री दोन वाजता
ओल्या फरशीवर पाय घसरून पडला.

बाई, ती फरशी मी ओली केली.
त्याला गाडीत घालून किसुमूला नेल्यावर केली.
आता त्या कागदावर माझंच पाणी
दोन तास मागं वाहत जाऊन
त्याच्या पायाखाली पोचलंय.

वकील साहेब विचारतात, लिहितावाचता येतं का तुला?
नाही येत.
येत असतं तर मीही वहीवर विश्वास ठेवला असता.

विचारतात, सात महिने गप्प का बसलीस?
साडेसहा हजार शिलिंग, साहेब, महिन्याला.
लिहून घ्या.
हे उत्तर माझ्या बाजूचं नाही, कळतंय मला,
तरी लिहून घ्या.

मग त्याची आई येऊन बसायला लागली,
फाटकाशी, घरून आणलेल्या स्टुलावर.
रडत नव्हती. फळक नव्हता हातात.
आत जाणाऱ्या प्रत्येक बुटाकडे बघायची, बस.
एकदा मला म्हणाली, घोटभर पाणी दे.
माझ्याकडे तीच बादली होती.
तिनं ओंजळीनं प्यायलं, तोंड पुसलं,
म्हणाली, तुझे हात भरलेले राहोत.
त्या रात्री मी हात साबणानं धुतले,
राखेनं धुतले,
आणि सकाळी तुमच्या कारकुनाचं दार वाजवलं.

सिमियु मागच्या बाकावर बसलाय.
त्याच्या बायकोच्या बाळंतपणाला मीच गेले होते.
तो माझ्याकडे बघत नाही.
मीही नाही बघत. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू.

उद्यापासून मला ठाण्यात कुणी उभं करणार नाही.
फरशी दुसरी कुणी पुसेल.
निळ्या लुगड्याची कुणी नवी बाई दिसली
तर तिला एवढंच सांगा, मोजत जा.

आणि बादली मी सोबत आणलीय.
माझ्या पैशाची आहे, ठाण्यानं कधी घेऊन दिली नाही.
पुरावा म्हणून हवी असेल तर ठेवून घ्या.
पण आधी पावती द्या, बाई.
आधी तुमच्या वहीत तिचा नंबर लिहा, वेळ लिहा,
कुणी घेतली त्याचं नाव लिहा,
मला वाचून दाखवा,
मगच आत न्या.